कोडोली, मार्गे ऊस

हॉर्न ऐकू आला की आमचे दत्ताण्णा सायकलवरून खाली उतरतात. मग तो मागून आलेला असो, पुढून आलेला असो, नाहीतर लांबच्या हायवेवरून वाऱ्याबरोबर आलेला असो. उतरतात, सायकल उलटी फिरवतात, खिशातली डायरी काढून एका ओळीवर रेघ मारतात आणि जाहीर करतात, "रस्ता बाद!"

"अहो आण्णा, पुढं वडाखाली गरम भजी मिळतात," मी एकदा कळवळून म्हणालो.

"भजी बी बाद!"

याच माणसानं एकतीस वर्षं एसटी चालवली होती. स्टँडात गाडी शिरायच्या आधी त्यांचा हॉर्न शिरायचा, असं त्यांचे जोडीदार सांगत. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी एक जुनी काळी सायकल आणली. आमचं आणि त्यांचं घर कसबा बावड्यात भिंतीला भिंत लागून. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. माझ्या पोटाचा घेर बघून डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणायचा अवकाश, दत्ताण्णा दारात हजर.

"चला मास्तर, बिनगाडीचा रस्ता हुडकाय!"

गावात तेव्हा पोरासोरांच्या हातात मोपेड आणि मोटारसायकली आल्या होत्या, आणि हे कुठं काय हुडकणार, असं मला वाटलं. रंकाळा पहिल्याच दिवशी बाद झाला. कळंब्याचा रस्ता दुधाच्या गाड्यांनी बाद केला. विद्यापीठाच्या आवारातले झाडीतले रस्ते मात्र रविवारी सकाळी पास झाले. तिथं मोरांशिवाय कोणी ओरडत नव्हतं. आण्णांनी डायरीत लिहिलं, "रस्ता म्हंजे लोणी."

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी तिथंच एका दगडावर बसून सांगितलं. "हौसाला माहेराला जायाचंय. कोडोलीला. एसटीनं न्हाई, माझ्या मागं बसून न्हाई. सोताच्या पायानं सायकल मारत. पर गाड्यांचं तिला लई भ्या वाटतं. तवा एक बी गाडी आडवी न येणारा रस्ता पायजे. सासूबाईंनी पंच्याऐंशी गाठलीय, मास्तर. आता येळ लावून जमायचं न्हाई."

हौसावहिनी त्या वेळी बावन्न वर्षांच्या होत्या आणि सायकलला त्यांनी फक्त पुसण्यासाठी हात लावला होता. त्यांचं शिक्षण विद्यापीठातच झालं, म्हणजे सायकलचं. नऊवारीचा काचा मारून त्या बसत आणि आण्णा मागून घंटी वाजवत. डबल बेल म्हणजे सूट, सिंगल बेल म्हणजे थांब. वहिनी इतक्या आज्ञाधारक, की सिंगल बेल झाली की जागच्या जागी थांबत आणि सायकलसकट झुडपात जात.

"अवो, पाय टेकायची बी येगळी बेल ठेवा की!" झुडपातून आवाज येई.

तीन महिन्यांत त्या अशा पळवू लागल्या की मला धाप लागे.

इकडे आमची रस्त्याची मोहीम दसऱ्यापासून सुरूच होती. बावड्याजवळच्या बंधाऱ्यावरून सायकली हातात धरून नदी ओलांडायची आणि पलीकडच्या शेतवडीत घुसायचं. काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचा ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोरीची वाट, पानांवर दव, आणि कुठल्यातरी गुऱ्हाळावरून येणारा उकळत्या रसाचा वास. चेनच्या करकरीशिवाय आवाज नाही. कोल्हापुरात चाळीस वर्षं काढून हे मला ठाऊक नव्हतं! मी एकदा हँडल सोडून मोठ्यांदा आरोळी ठोकली. उसातून कोणीतरी उलट आरोळी दिली.

गाड्या नव्हत्या, पण माणसं होती. "पावणं, कुठलं?" झालं की उतरावंच लागे. मग रस, काकवी, भाजलेल्या शेंगा. आण्णांनी अशा जागांना डायरीत "विनंती थांबा" लिहून टाकलं. एकदा अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला साडेचार तास लागले आणि घरी आल्यावर मी दोन दिवस गोड खाऊ शकलो नाही.

अखेर जोतिबाच्या डोंगराला वळसा घालून थेट कोडोलीच्या वेशीपर्यंत रस्ता जुळला. आण्णांनी तो एसटीच्या पाटीसारखा ठळक अक्षरांत लिहिला. "तिसरं उंच रान सुटलं की डावीकडं. तुऱ्याचा ऊस लागला की सरळ. दाट उसाच्या कोपऱ्यावर उजवीकडं." संक्रांत झाली की पहिल्या रविवारी निघायचं ठरलं. सामानात तिळगूळ, पंक्चरचं साहित्य आणि मी.

त्या रविवारी बंधारा ओलांडून पलीकडे चढलो आणि आण्णा ब्रेक लावून उभेच राहिले. ऊस नव्हता. तोड होऊन गेली होती. तिसरं रान नाही, तुरा नाही, दाट कोपरा नाही. नुकतीच हजामत केल्यासारखा सगळा मुलूख साफ, आणि वाटा एकाच्या दहा दिसत होत्या. जिल्ह्यातला खड्डा न् खड्डा पाठ असलेला ड्रायव्हर घरापासून तासाभराच्या आत रस्ता चुकला होता.

"तिसरं रान... ह्यातलं तिसरं कुठलं, मास्तर?"

मला तर पहिलंही सापडत नव्हतं. वहिनी मात्र हँडलवर डोकं टेकून हसत होत्या. "उसाची खूण कोण धरतंय व्हय? ऊस काय जलमभर उभा ऱ्हातोय? हिरी बगत जायाचं. हीर कुठं जातीया?"

आणि त्या पुढं झाल्या. या विहिरीवरून त्या विहिरीवर, वाटेत बायकांना विचारत, त्यांनी आम्हाला डोंगराच्या पायथ्यानं असं नेलं की मी थक्क झालो. आण्णा गुपचूप मागून येत होते. वहिनी वळून वळून सांगत होत्या, "हितं आमी बोरं येचायचो. ह्या वढ्यात माझं जोडवं पडलंतं." त्यांचा आवाज मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो, पण असा कधीच ऐकला नव्हता.

कोडोली दिसू लागली आणि तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर गाणी, आणि हॉर्न असा की कानठळ्या बसाव्यात. आण्णा सवयीनं उतरले. सायकल उलटी फिरवली. डायरी काढली.

"रस्ता..."

"काय बाद करू नगासा!" वहिनी कडाडल्या. "माझ्या माहेरचा रस्ता हाय त्यो!"

त्यांनी सायकल कडेच्या बांधाला घातली, धडधडत दोन्ही ट्रॉल्यांना वळसा मारला आणि पलीकडं निघाल्या. भ्यायल्या असतील, पण उतरल्या नाहीत. ट्रॅक्टरवाला तोंडात बोट घालून बघत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. माझी सायकल तेवढ्यात पडली, ती गोष्ट वेगळी.

वेशीवरच्या चिंचेखाली आण्णा थांबले. "तू हो पुढं," ते म्हणाले. वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि पुढं गेल्या.

"आण्णा, एवढं आलात आणि घरी नाही जाणार?"

ते खाली बसले आणि टोपी हातात फिरवू लागले. मग खाली बघूनच बोलायला लागले. "सासरं वारलं, त्या दिवशी कोडोलीची गाडी माझ्याकडंच हुती. टायम झाला, सोडली. स्टँडाभाईर पडताना आरशात एक बाई पळत येताना दिसली, पदर सुटलेला. म्हटलं, असंल कोन तरी, रोजचंच हाय. टायमाचा लई मोठा तोरा हुता मला." त्यांनी टोपी मुठीत आवळली. "हौसा हुती, मास्तर. घरी सांगावा आलता, पळत आलती. पुढची गाडी तीन तासानं. ही पोचली तवा माती झालती. बापाचं तोंड दिसलं न्हाई तिला."

माझे डोळे भरून आले.

"तिनं आजपातुर एक शब्द काढला न्हाई. मीच त्या उंबऱ्यावर परत पाय ठेवला न्हाई. तिला आईकडं जायाला कुना ड्रायव्हरची गरज पडू ने, एवढंच मनात हुतं."

घरांच्या बाजूनं घंटी वाजली. वहिनी परत आल्या होत्या. घामानं कुंकू ओघळलेलं, तोंडभर हसू.

"आई जावयाला इचारतीया. चला."

"तू जा, हौसा. मी बसतो हितंच."

वहिनी सायकलवरून उतरल्या. स्टँड लावला. पदरानं तोंड पुसलं आणि चिंचेला टेकून उभ्या राहिल्या.

"बसा सावकाश," त्या म्हणाल्या. "तुमी उठंस्तोवर मी थांबते."

दत्ताण्णांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि उठले.