एकविसावं भोक

एका जंगलात, तळ्याच्या अगदी काठाला, उदाजीराव पाणमांजरे राहत होते. बाळांनो, पाणमांजर म्हणजे मासे धरण्यात पटाईत. त्याला गळ लागत नाही, होडी लागत नाही. पण उदाजीरावांची कंबर धरली होती. आणि घरात लग्नाची मुलगी होती, शेवंता.

पलीकडच्या नदीवरचं स्थळ रविवारी बघायला येणार होतं. त्यांचा निरोप स्पष्ट होता. "मुलगी साधी चालेल. मरळ मात्र ताजी हवी."

मरळ ही तळ्यातली तालेवार मासळी. सावली धरून बसते, सहसा कुणाला भेटत नाही. उदाजीरावांनी तीन दिवस बुड्या मारल्या. हाती चिखल आला.

"कंबरेला तेल चोळता ना, त्याचा वास जातो तिला," त्यांची बायको तानाबाई म्हणाली. "मरळ नाही तर सोयरीक नाही, एवढं लक्षात ठेवा."



त्याच आठवड्यात माणसं तळ्यावर सहलीला आली होती. अस्वल दिसलं, तशी सगळं टाकून पळाली. मागं राहिली अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी होडी. शिवाय खुर्ची, झाकणाची पेटी, मोठी छत्री आणि गळ.

"झालं काम!" उदाजीराव म्हणाले. "हिचीच मासेमारीची होडी करतो. खुर्चीत बसून मरळ धरतो. व्याही बघतच राहतील."

त्यांनी खंडू मिस्त्रींना बोलावलं. खंडू मिस्त्री म्हणजे सुतार पक्षी. सात पिढ्यांचा धंदा.

मिस्त्रींनी होडीच्या तळावर चोच मारली. टण्ण!

"लाकूड नाही हे," मिस्त्री डोकं धरून म्हणाले.

"मग जमणार नाही?"

"जमत नाही हा शब्द आमच्या घराण्यात नाही. सामान बसवायला तळाला भोकं पाडायची, लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. पाण्यात लाकूड फुगतं. थेंब येणार नाही."

मग दोन दिवस टण्ण टण्ण चाललं. जंगलात कुणाची दुपारची झोप झाली नाही. खुर्चीला चार भोकं, पेटीला आठ, गळाच्या खोबणीला चार, छत्रीला चार. मिस्त्रींची चोच बोथट झाली, पण प्रत्येक खुंटी गच्च बसली.

इतक्यात शेजारच्या कासवीणबाई आल्या. त्या सहज आल्या होत्या. शेजारी टण्ण टण्ण वाजत असताना घरात बसवतं का कुणाला? त्यांनी भोकं मोजली.

"वीस?" त्या म्हणाल्या. "अगं तानाबाई, शुभकार्याला वीस? आहेरातसुद्धा वर एक ठेवतो आपण. एकवीस करा."

"पण एकविसाव्यात बसवायचं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"शुभात काही बसवतात का? ते नुसतं असतं."

तानाबाईंना पटलं. मुलीच्या बाबतीत उगीच विषाची परीक्षा कशाला? मिस्त्रींनी कपाळाला पंख लावला आणि एकविसावं भोक पाडलं.

रविवारी पाहुणे काठावर बसले. उदाजीराव फेटा बांधून खुर्चीत, डोक्यावर छत्री. होडी थाटात तळ्याच्या मध्यावर गेली.

तिथं त्यांचे पाय ओले झाले.

"मिस्त्री! पाणी!"

"कोणत्या भोकातून?" मिस्त्री काठावरून ओरडले.

"शुभ!"

"मग ते माझ्याकडं नाही!"

होडी हळूहळू खाली गेली. खुर्ची गेली. फेटा गेला. शेवटी छत्रीचं टोक गेलं. तानाबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवंता पाण्याकडं बघत राहिली.

तळाशी उदाजीराव खुर्चीतच बसून होते. वर जायची लाज वाटत होती. कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून श्वास धरून बसले. पाच मिनिटं झाली. लेकीचं कसं होणार, या विचारानं डोळे भरून आले. पाण्याखाली आसवं कुणाला दिसत नाहीत, ही एक सोय.

तेवढ्यात छत्रीच्या सावलीला एक मरळ आली. मागून दुसरी. तळ्यात एवढी गार सावली कधी पडलीच नव्हती. फिरून फिरून दोघी उघड्या पेटीत जाऊन बसल्या.

उदाजीरावांनी बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि झाकण लावलं. कंबर वाकवावी लागली नाही.

मग खुंट्या उपटून पेटी घेऊन ते वर आले. होणारे व्याही उभेच राहिले.

"म्हणजे होडी खालून चालवतात होय? आमच्याकडं अजून वरूनच चालवतात हो."

"जुनी पद्धत ती," उदाजीराव धापा टाकत म्हणाले.

सोयरीक तिथंच जमली. त्या साली नदीवरच्या सगळ्या होड्यांना एकवीस भोकं पडली. मिस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. कासवीणबाई प्रत्येक होडीपाशी जाऊन भोकं मोजतात. सहजच.

तात्पर्य: बाळांनो, होडी चारचौघांत बुडाली, तर लाजून लगेच वर येऊ नये. थोडा वेळ खालीच बसावं. पाहुण्यांना वाटतं, हीच पद्धत असेल.