बसून बघणारे गुरुसिद्ध अण्णा

आमच्या वळसंगच्या पेठेत नवं दुकान उघडलं, की फीत कोणीही कापो, ते खरं उघडतं गुरुसिद्ध अण्णा त्याच्या पायरीवर बसल्यावर. पेढ्यांचा बॉक्स फिरत असतो, मालक नव्या शर्टात घामाघूम झालेला असतो, आणि अण्णा गर्दीतून वाट काढत येतात, टॉवेलानं पायरी झटकतात आणि बसतात. मग उठतात. परत बसतात. उठताना हात कुठं टेकतो तेही बघतात. मग निकाल लागतो: ‘बसता येतंय’ किंवा ‘बसता येत न्हाय.’ पेढा त्यानंतर.

अण्णांची पूर्वी पिठाची गिरणी होती. “हुब्यानं जल्म गेला, वैनी. आता बसणार,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते पटायचं. दिवसभर गल्ल्यामागे उभं राहिलं, की संध्याकाळी पाय काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे.

रस्ता रुंद झाला आणि पेठेतले सगळे दगडी कट्टे गेले. आधी लोक कट्ट्यावर टेकायचे, पाणी मागायचे, गावच्या लग्नांचा हिशेब व्हायचा, मग जमलं तर खरेदी. आता दोन मजली इमारती, लोखंडी शटर, काचा. धूळ मात्र तीच. ती रोज पुसायची.

एटीएमच्या पायरीला गुळगुळीत काळी फरशी बसली. अण्णा तिच्यावरून सरळ खाली आले. “घसरगुंडी हाय की ही! पैसं काढाय यायचं का जत्रंला?” मोबाइलवाल्यानं पायरीवर कोणी बसू नये म्हणून स्टीलचा आडवा पाइप लावला. अण्णांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर विचारलं, “का रं, कोंबड्या बसवणार हाईस व्हय?” मिठाईवाल्याची पायरी त्यांच्या मते लई उंच. “हिच्यावर चढाय आदी दुसरी पायरी पायजे.”

उरली माझी. दुकान रुंदीकरणाच्या रेषेपासून जरा आत, म्हणून कट्ट्याची एक दगडी पायरी वाचली होती. यंदा मीही बांधकाम काढलं. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, पायरी काढली, की काचेचं मोठं कपाट पार रस्त्यापर्यंत येतंय.” मी हो म्हटलं. पायरीवर बांगड्या खपत नाहीत.

झालं. अण्णा रोज हजर. सिमेंटच्या पोत्यांमधून वाट काढत येणार, पायरीवर बसणार. “वैनी, हिचं काय ठरलं?”

“जाणार.”

“ऱ्हाऊ द्या की.”

“अण्णा, तुम्ही माझं गिऱ्हाईक तरी आहात का? कधी एक कंगवा घेतला नाहीत.”

त्यांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. “कुटं फिरवू?”

गवंडी हसायला लागला, काम थांबलं. मला दोघांचाही राग आला. दुकानातलं सगळं सामान घरात, पाय ठेवायला जागा नाही, आणि हा माणूस एका दगडासाठी डोकं खातोय.

पायरी फोडायचा दिवस सोमवार होता. गवंडी घण घेऊन आला होता. एवढ्यात अण्णा आले, पण एकटे नव्हते. अण्णांच्या खांद्याला धरून महादेवी काकू होत्या, त्यांच्या मिसेस. दर सोमवारी दोघं पेठेच्या टोकाच्या महादेवाला जायचे, ते मला माहीत होतं. जाताना दिसायचे. दुकानात बसून रस्त्यानं जाणारी माणसं दिसतात, त्यांची चाल दिसत नाही.

एटीएम मागे पडलं, मोबाइलवाला मागे पडला, मिठाईवाला मागे पडला. काकू कुठंच टेकल्या नाहीत. माझ्यापाशी येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कुंद्र,” अण्णा हळूच म्हणाले. घरात ते कानडीच बोलतात; ‘बस’ म्हणाले. काकू पायरीवर बसल्या, एका हातानं गुडघा धरून, दुसरा दगडावर टेकून.

आणि अण्णा उभे राहिले. सबंध पेठेत बसून बघणारा माणूस उन्हाकडे पाठ करून, टॉवेल दोन्ही हातांनी पसरून, बायकोवर सावली धरून उभा. मी समोर होते, तरी ‘हिचं काय ठरलं’ विचारलं नाही.

काकूच बोलल्या. “हितनं फुडं देवळापत्तुर टेकाय काय न्हाय, वैनी. ही बी गेली, की मी घरीच. हे म्हणत्यात, नव्या दुकानास्नी बगतो, गावंल कुटंतरी.”

“गावंल की,” अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले.

ती दोघं गेल्यावर मी ठेकेदाराला फोन केला. कपाट लहान कर म्हटलं. त्यानं कारण विचारलं. मोठी काच पुसायला मला वेळ नाही, असं सांगितलं. ते खोटंही नाही.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी नवं दुकान उघडलं. फीत माझ्या जावेनं कापली. पेढे फिरले, आणि लोक सवयीनं अण्णांकडे बघू लागले. अण्णा आले. टॉवेलानं पायरी झटकली, कोपऱ्यातलं सिमेंट नखानं खरवडून काढलं. बसले नाहीत.

“बसा की, अण्णा. निकाल सांगा,” मी म्हटलं.

“हिला काय बसून बगायचं, वैनी?” त्यांनी हात पुढे केला. “हितं ती बसलीया. पेढा द्या.”