बादशाच्या गळ्यातला हार

ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे माझ्या हातचा मळ! अंबाजोगाईला शिकलेला माणूस मी. बदली होऊन तलवाड्याकडच्या या शाळेत आलो आणि हेडसरांना छाती ठोकून सांगितलं, "नववीला असा व्हॉइस शिकवतो, की पोरं जन्मात विसरणार नाहीत!"

तेवढं मात्र खरं झालं. कसं, ते ऐका.

माझी युक्ती साधी. वाक्यात जो पुढे, त्याला मान. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल! ॲक्टिव्हमध्ये कर्ता पुढे, पॅसिव्हमध्ये कर्म पुढे. कर्ता म्हणून वर्गातला युवराज मिळाला. कर्म कुठून आणायचं? तेवढ्यात ऋतुजा उभी राहिली. हरिबा मेंढपाळाची ही लेक इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडायची नाही.

"सर, माझा बादशा आणू का? बोकड हाय. बाटलीनं दूध पाजून वाढिवलाय."

"आण की!"

"त्याला काय व्हनार न्हाई ना?"

"अगं, नुसतं उभं राहायचंय त्याला. माझी जबाबदारी!"

सकाळी मैदानातच वर्ग भरवला. हार घातलेल्या, कपाळी गुलाल लावलेल्या युवराजनं बादशाला पाला चारला. "युवराज फीड्स द गोट!" पोरं ओरडली. मग युवराजला मागे सारलं, हार बादशाच्या गळ्यात घातला, गुलाल फासला. "द गोट इज फेड बाय युवराज!" टाळ्याच टाळ्या! बादशानं पाला खाल्ला, हे सकर्मक क्रियापद. बादशा झोपला, हे अकर्मक. तेही उरकून घेतलं. मी तर हवेतच! त्या नादात हार काढायचं राहिलं आणि बादशा तसाच लिंबाखाली बांधला.

इकडे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या चंद्रभागाबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. त्यांना दिसला हारगुलालाचा बोकड, आणि त्याला शेवटचा पाला चारायला लावणारे सर. आमच्या बीडकडं याचा एकच अर्थ. कंदुरी! नवसाचा बोकड कापायचा आणि गाव जेवू घालायचं. बाईंनी घरोघर निरोप दिला.

शाळा सुटायच्या आत फाटकात ही गर्दी! युवराजचे आजोबा आश्रुबा बैलगाडीतून भलीमोठी डेग घेऊन हजर. बायकांच्या टोपल्यांत गरम भाकरी. मागं सुऱ्याला धार लावणारे मुलाणीचाचा.

"सर, लई गुपचूप नवस केलाव! कावून सांगितलं न्हाई?" आश्रुबा म्हणाले.

"अहो, नवस कसला! व्याकरण आहे ते!"

"कोणत्या का देवाचं असंना. गुलाल लागला म्हंजी बोकड देवाचा झाला. आता माघार न्हाई."

मी अंडंसुद्धा न खाणारा माणूस! दरदरून घाम फुटला. ऋतुजानं धावत जाऊन बादशाच्या गळ्याला मिठी मारली.

"सर, तुमी म्हणलतात, नुसतं उभं राहायचंय!"

त्या पोरीकडे बघवेना. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी ओरडलो, हात जोडले, बोकडापुढे आडवा झालो. कुणी ऐकेल तर शपथ! चाचा बाह्या सावरायला लागले.

शेवटी ऋतुजाच उठली. नाक पुसलं आणि थेट आश्रुबांपुढे उभी राहिली.

"आबा, ह्यो हार आधी तुमच्या युवराजच्या गळ्यात व्हता. गुलालबी त्यालाच लागला. बघा त्याचं कपाळ! मग आधी नंबर कुणाचा?"

अख्खी गर्दी युवराजकडे वळली. कपाळ लालभडक! चाचांच्या हातात सुरा! युवराज "आबाऽऽ" करत डेगेमागे दडला.

आश्रुबांनी एकदा नातवाकडे बघितलं, एकदा बोकडाकडे, आणि खो खो हसत सुटले. "ठिवा वो चाचा तो सुरा! ह्यो नवस आपल्याला न्हाई परवडायचा!"

बादशा सुटला. पण भाकरी थापलेल्या होत्या, माणसं भुकेली होती. मग त्या डेगेत माझ्या घरच्या तुरीच्या डाळीची आमटी शिजली. गाव जेवलं, पण कुरकुरत. "सर, तुमची कंदुरी लई पातळ हाय!" असं चंद्रभागाबाईंनी तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, "पॅसिव्हचं एक वाक्य कोण सांगतं?"

ऋतुजाचा हात वर! उत्तर द्यायला, वर्षात पहिल्यांदा!

"द गोट वॉज सेव्ह्ड!"

माझा ऊर भरून आला. "शाब्बास, पोरी! आता पूर्ण कर. द गोट वॉज सेव्ह्ड बाय...?"

मी कॉलर सरळ केली आणि थांबलो.

"बाय ऋतुजा, सर!"

वाक्यात एकही चूक नव्हती. मुकाट फळ्यावर लिहून दिलं.