चिन्मयीची पीएचडी आणि आठ लिटर आवळा

चिन्मयीच्या पीएचडीची तोंडी परीक्षा अकराला होती, आणि तिच्या आईनं, शकुताईंनी, सकाळी सातलाच आवळ्याच्या सरबताची आठ लिटरची कॅन भरून ठेवली. याला जबाबदार चिन्मयीच. मूत्राशयाचा रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू झाला, की परत आलेलं रक्तच आतल्या पेशींना इजा करतं. आवळ्यातली अँटिऑक्सिडंट्स ती इजा कमी करतात का, हे ती पाच वर्षं उंदरांवर तपासत होती. आईला तिनं एवढंच सांगितलं होतं, "आवळा ब्लॅडरसाठी अच्छा आहे, मम्मी." झालं!

"घ्या, अजून एक ग्लास," शकुताई नवऱ्याला म्हणाल्या.

"चार झाले ना! काहून मारून राहिली मले?"

"पोरीनं पाच वर्षं घातले त्याच्यात. भरोसा नाही का तिच्यावर?"

असं विचारल्यावर कोणता बाप ग्लास खाली ठेवेल? पुंडलिकराव पाचवा प्यायले आणि गोरखपुर मोहल्ल्यातल्या घरून ऑटोनं कॉलेजात आले.

परीक्षक डॉ. गुणवंत नागपूरचे. तीन-तीन तास प्रश्न विचारून रडवायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं, अशी त्यांची ख्याती. शकुताईंनी मात्र पाहुणा पाहिला आणि कॅन उघडली. "सर, घरचं आहे जी. नाही म्हणू नका." चारदा ग्लास पुढे आला, आणि सरांना चारही वेळा नाही म्हणता आलं नाही.

साडेबाराला पहिल्या रांगेत पुंडलिकराव घामाघूम झाले. पण पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. साहेब बसलेले असताना आपण उठायचं नाही, हे हाडीमांसी भिनलेलं.

"जाऊन या ना बाहेर," शकुताई कुजबुजल्या.

"साहेब बसले आहे. त्यायनं बुरा मानला तर? पोरीचं काय होईन?"

तिकडे साहेबही खुर्चीत चुळबुळत होते. मुलीचा म्हातारा बाप डोळ्यांत पाणी आणून ऐकतोय, त्याच्यासमोरून मध्येच उठायचं कसं? त्यांचा ताणलेला चेहरा पाहून चिन्मयीची बोबडी वळली. तरी तिनं पडद्यावर पुढचं चित्र लावलं.

"सर, इथं मूत्राशय पूर्ण भरलेलं दिसतं, आणि आता—"

"पुरे!" डॉ. गुणवंत ओरडले. चिन्मयी पांढरीफटक पडली. "उत्तम काम! पास! एकही प्रश्न नाही!" आणि ते चक्क पळत सुटले.

साहेब उठले, तेव्हा पुंडलिकरावही उठले. कॉरिडॉरच्या टोकाला स्वच्छतागृहाचं दार एकच, आणि दोघं तिथं एकदमच पोचले.

"तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही," डॉ. गुणवंत कसेबसे म्हणाले.

पुंडलिकराव जन्मात कुठल्या दारातून साहेबाच्या आधी आत गेले नव्हते. "थँक्यू, साहेब," म्हणाले आणि आतून कडी लावून घेतली.

साहेब दाराबाहेर पायाला पाय गुंफून उभे राहिले. तेवढ्यात कॉरिडॉरमधून शकुताई लगबगीनं आल्या, हातात काठोकाठ भरलेला ग्लास.

"सर, पोरगी पास केली तुम्ही! आता तर नाही म्हणूच नका!"