इन्स्पेक्टर भांडी घासतो

सासऱ्यांच्या बैठकीत जावयाला जागा होती, किंमत नव्हती. रविवार उजाडला की सासरे, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि गॅरेजवाले काका गॅलरीत जमत आणि चहाबरोबर खुनाच्या कादंबऱ्यांचे फडशे पाडत. त्यांचा नायक ठरलेला: खासगी गुप्तहेर, एकटा जीव, ना बायको ना बिऱ्हाड, खिशात पिस्तूल, आणि मार खाता खाताही टोमणा मारणारा. चष्म्याच्या दुकानातल्या या मऊ बोलणाऱ्या, मऊ चालणाऱ्या जावयाला तिथं कोण माणसांत धरणार?

त्या रविवारी त्यानं धीर केला. "बाबा, ही वाचून बघा. पोलीस कादंबरी आहे."

"पोलीस?" डॉक्टरांना ठसका लागला. "म्हणजे पंचनामे, आणि साहेबांची सही!"

"खून तरी आहेत का?" गॅरेजवाल्या काकांनी विचारलं.

"तीन आहेत."

"बघू," सासरे म्हणाले. "पण जावईबापू, मिळमिळीत निघाली तर पुढच्या रविवारपासून तुम्ही आत, बायकांत."

दुसऱ्याच दिवशी बायको आईशी फोनवर बोलून आली ती कपाळाला हात लावूनच.

"कसलं पुस्तक दिलंस रे? तू निघालास आणि बाबांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. आई आतून ऐकत होती. तो इन्स्पेक्टर संध्याकाळी घरी येऊन भांडी घासतो म्हणे?"

"घासता घासताच त्याला धागा सापडतो," जावई क्षीणपणे म्हणाला.

"आईनं पुस्तकच काढून घेतलं. म्हणाली, 'तीन-तीन खून अंगावर असताना हा इन्स्पेक्टर भांडी घासतो. तुमच्या अंगावर काय आहे हो? पेन्शन?'"

उतारावरच्या पाण्याला वाट दाखवावी लागत नाही. पुस्तक सासूबाईंकडून डॉक्टरीणबाईंकडे गेलं, तिथून गॅरेजवाल्या काकूंकडे, आणि जिथं जिथं गेलं तिथं तिथं एकेक पुरुष ओट्याशी उभा राहिला.

पुढच्या रविवारी जावई माफीची वाक्यं घोळवत, जड पावलांनी सासुरवाडीला गेला. गॅलरीतल्या तिन्ही खुर्च्यांत बायका होत्या आणि पुस्तकाचं दुसरं पारायण रंगात आलं होतं. स्वयंपाकघरात डॉक्टर दाढ उपटावी तसा एकेक वाटाणा सोलत होते. पुसायला दिलेली शेगडी काकांनी खोलून सुटी करून ठेवली होती. सासरे कोपरापर्यंत फेसात बुडाले होते.

"बाबा, माझं चुकलं, मी..."

"हळू बोल!" सासरे फिसकारले. "दुसरा खून झाला आणि नेमकं तिथंच हिनं पुस्तक ओढलं. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही! इकडे ये रे. खुनी कोण?"

वाटाणे थांबले. शेगडी थांबली. तिन्ही डोकी जवळ आली. जावई दार लोटून एक नाव कुजबुजला.

आजवर शेकडो मुडदे पचवलेल्या सासऱ्यांच्या हातून कढई धाडकन सुटली.

"काय पडलं हो?" गॅलरीतून आवाज आला.

"काही नाही गं!" सासऱ्यांनी फेसाळ हात जावयाच्या खांद्यावर टाकला. "माझा जावई आहे इथं. कढई कशी धरायची ते शिकवतोय!"