हनुवटीखालची चादर

चादरीच्या बाबतीत मला शिकवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय! उगाच फुशारकी मारत नाही. एका मोठ्या हॉटेलात उभी हयात हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून काढली आहे. पलंगावर एक सुरकुती दिसली की अख्खा पलंग पुन्हा घालायला लावायचो. मी जिन्यात खाकरलो तरी पोरं उशा ताठ करायची!

निवृत्त झालो आणि झाडाझडती घ्यायला कोणी उरलंच नाही. आमची ही दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात. घरात मी आणि फ्रिज, आणि दोघांत बोलका फ्रिज! काही दिवस तर असे जायचे, की दूधवाल्याला म्हटलेलं 'बरं' एवढाच काय तो तोंडातून निघालेला शब्द. खरं सांगतो, घर खायला उठायचं.

इमारतीखाली एक मोबाइलदुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे मी रोज फोन बिघडला म्हणून जायचो. फोनला काही झालेलं नसायचं. तिथे बसून मी लोकांच्या व्हिडिओतल्या पलंगांना नावं ठेवायचो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, हेच कॅमेऱ्यासमोर बोला ना! माझी तरी सुटका होईल!"

झालं! माझं चॅनल निघालं. लोकांचे घर आवरण्याचे व्हिडिओ लावायचे आणि वर आपण बोलायचं. "ही उशी आहे की पोतं?" "यांनी शर्टाची घडी घातली की शर्टाशी भांडण केलं?" लोकांना भलतंच आवडलं! मला 'चादरकाका' म्हणू लागले. सकाळी चहाच्या आधी मी प्रतिक्रिया वाचायचो. एकाने लिहिलं, 'काका, जेवलात का?' मी त्याला पानभर उत्तर पाठवलं. तो हाच प्रश्न दिसेल त्याला विचारत सुटला होता, हे नंतर कळलं.

मुलीचा फोन रविवारी यायचा. "बाबा, लिंक पाठवली होती, बघितलीत?"

"बघतो गं! इथे चाहते वाट बघताहेत!" म्हणून मी लिंक न उघडताच तिच्याखाली पसंतीचा अंगठा पाठवून दिला.

आणि मग तो व्हिडिओ हाती लागला. मोबाइलवाल्यानेच शोधला. "काका, हिचे प्रेक्षक भरपूर आहेत. हिला धरा!"

व्हिडिओत बाईचा चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं संगीत. दिसतात ते दोन हात आणि हनुवटी. समोर डबलबेडची चादर. दोन कोपरे दोन मुठींत आणि मधली कड चक्क हनुवटीखाली दाबलेली! माझं टाळकंच सटकलं! "हनुवटी म्हणजे काय कपडे वाळत घालायचा चिमटा आहे? आमच्याकडे दोन माणसं दोन टोकं धरायची, एक झटका, की कडक घडी! ही वाढली तरी कुठल्या घरात? हिच्या बापाला आणा माझ्यासमोर! त्याने पोरीला शिकवलं नाही, मी त्यालाच शिकवतो!"

पेटलं की हो! 'बापावर जायचं काम नाही!' म्हणत तिचे चाहते माझ्यावर तुटून पडले. माझे चाहते त्यांच्यावर तुटून पडले. घडीवाले आणि हनुवटीवाले असे दोन तट झाले. कोणी मला खडूस थेरडा म्हणालं, कोणी संस्कृतीचा आधारस्तंभ. संस्कृतीचा आणि चादरीचा संबंध मला समजला नाही, पण आधारस्तंभ आवडला! शिव्या तर शिव्या, माणसं बोलत तर होती माझ्याशी. "माफी मागू नका, अजून एक टाका!" मोबाइलवाला म्हणाला. मी टाकला. नाव दिलं, 'हिचा बाप लपलाय कुठे?'

दुसऱ्याच दिवशी मुलीचा फोन. रविवार नसताना!

"बाबा, सापडला का हो तिचा बाप?"

"कसला सापडतोय! तोंड लपवून बसला असेल!"

मग ती म्हणाली, "तुम्ही लिंक उघडलीच नव्हतीत ना?"

मी उघडली. तोच पलंग! तीच चादर! आणि ती हनुवटी! पोर जन्मली तेव्हापासून जो तो म्हणत आलाय, हनुवटी अगदी बापाची! रोज दाढी करताना मी तीच आरशात बघतो.

"अगं, चेहरा दिसत नव्हता..."

"हातही ओळखले नाहीत, बाबा?"

फोन ठेवला तिने. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! तसाच कॅमेऱ्यासमोर बसलो आणि हात जोडून म्हणालो, "हिचा बाप सापडला. तो मीच!" बोलता बोलता रडूही आलं. वाटलं, मिटलं.

मिटतंय कसलं! 'नाटक आहे! बापलेकीने मिळून आपल्याला मूर्ख बनवलं!' एकमेकांच्या उरावर बसलेले दोन्ही तट एक झाले आणि आम्हा दोघांवर धावून आले! तिची काही चूक नसताना तिच्याकडचेही प्रेक्षक पांगले. मी माझं चॅनल बंद करून टाकलं. मोबाइलवाल्याकडे गेलो तर तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "काका, आता खरंच काही बिघडलं तरच या हं."

रविवार आला, फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. चॅनल गेलं त्याचं काही वाटलं नाही, पण हा एक फोन गेला तर माझ्याकडे उरतंय काय?

एके सकाळी दोरीवरून डबलबेडची चादर काढली. आमच्या पद्धतीने दोन टोकं धरायला गेलो, तर दुसऱ्या टोकाला माणूस कुठाय? ते टोक स्वयंपाकघराच्या कडीला बांधलं आणि दिला झटका! कडीच हातात आली! मग टोक फ्रिजच्या दारात अडकवलं, तर दार उघडलं आणि दूध चादरीवर! चादर पुन्हा धुतली, वाळवली आणि शेवटी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला.

"अगं, मला ती घडी शिकवशील?"

तिने माझ्या हातातली चादर बघितली. मग म्हणाली, "आधी फोन टेबलावर टेकवून ठेवा. कोपरे जुळवा. आता मधली कड हनुवटीखाली धरा."

"अशी?"

"घट्ट दाबा. आता हात खाली न्या."

"तुला ही रीत कोणी दाखवली?" मी दातांवर दात ठेवून विचारलं.

"आईने. एकट्या माणसाला मोठ्या चादरीची घडी अशीच घालावी लागते, बाबा. तुम्ही कामावर असायचात."

"मग टोक धरा म्हणून सांगायचं ना तिने मला!"

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, दिवसभर चादरीच बघून आलोय, आता निदान घरी तरी दाखवू नकोस!"

काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हनुवटीखालची चादर धप्पकन पायांवर! ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली! मग डोळे पुसत म्हणाली, "उचला. परत करा."

परत केली. चौथ्या खेपेला घडी म्हणता येईल असं काहीतरी झालं. "पुढच्या वेळी उशीची खोळ दाखवते," एवढं बोलून तिने फोन ठेवला. पुढची वेळ कधी, ते मी विचारलं नाही.

आता ती घडी इतकी फुगली आहे की कपाटात ठेवली तर कपाटाचं दार लागत नाही! म्हणून दाराला बाहेरून खुर्ची टेकवून ठेवली आहे. बसायला तसंही कोणी येत नाही.