शेपटीवाल्यांचा करार

एका जंगलात, आपल्या कॉलनीमागे आहे त्याहून जरा मोठं समजा, उन्हाळ्यात पाणी टिकणारा एकच डोह होता. नीट बसा रे मुलांनो, एकमेकांना कोपरं मारू नका.

त्या डोहाला राजा नव्हता. सकाळी हरणं प्यायची, दुपारी कासवं, अंधार पडल्यावर रानडुकरं. कोणी ठरवलेलं नव्हतं. वहिवाटच तशी.

एका वैशाखात पाणी खाली गेलं. भोमाजी रानडुक्कर भल्या सकाळीच घुसला. हरणांना ढुसण्या बसल्या. आणि सगळ्यांना एकदम वाटलं, आपल्याला सरकार पाहिजे!

सभा भरली. (मी तिथे नव्हते. पण खिडकी उघडी असली की ऐकू येतं, माझा काय दोष?)

काटेसाहेब साळिंदर म्हणाले, "आपण मुळात वाईट. मोकळं सोडलं तर एकमेकांना फाडून खाऊ. सगळे अधिकार एकालाच देऊन टाका."

कासवअण्णा म्हणाले, "छे हो! आपण मुळात बरे आहोत. पाणी राखण्यापुरताच अधिकार द्या. त्याने करार मोडला तर काढून टाकू."

चंचलाताई हरिणी डोळे मिटून म्हणाली, "आपण मुळात एकच आहोत. तो राखील ते आपणच राखलेलं."

"पण राखणदार कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

"भोमाजी," काटेसाहेब म्हणाले. "दंगा तोच करतो. त्यालाच राखणदार केलं की दंगा करणारा उरला कोण?"

हे इतकं हुशार होतं की सगळ्यांनी माना डोलावल्या. भोमाजीला पगार म्हणून रोज डोहात लोळायची मुभा ठरली.

"ज्याला मान्य नसेल त्याने शेपूट वर करा," अण्णा म्हणाले.

"मला नाही मान्य!" काठावरून गोदाक्का बेडकीण ओरडली. तिची सगळी पिल्लं त्या पाण्यात होती. पाय फुटेपर्यंत त्यांना बाहेर येता येत नव्हतं. वरून डुक्कर लोळलं तर काय होणार, हे सांगायला पंडित लागत नाही.

"शेपूट कुठाय?" काटेसाहेबांनी विचारलं.

"लहानपणी होतं. गळलं."

"मग विरोध धरता येत नाही, अक्का. नियम आहे."

गोदाक्काने पाण्याकडे वळून हाक मारली. बघता बघता पिल्लांनी इतक्या शेपट्या वर काढल्या की डोहावर गवत उगवल्यासारखं दिसलं.

"ती अज्ञान आहेत," काटेसाहेब म्हणाले.

"सज्ञान कधी होतील?"

अण्णांनी मान आत घेऊन खूप विचार केला. मान बाहेर काढून म्हणाले, "शेपूट गळलं की."

करार एकमताने मंजूर झाला. टाळ्याही पडल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी भोमाजी लोळला. चार पिल्लं चिखलात गेली. गोदाक्का रडत दारोदार फिरली.

अण्णा म्हणाले, "त्याने करार मोडलेला नाही. पाणी इतरांपासून राखायचं ठरलं होतं. त्याच्यापासून राखायचं कुठे ठरलं?"

ताई म्हणाली, "तो म्हणजे आपणच ना? मग एका अर्थी तूच लोळलीस, अक्का."

काटेसाहेब म्हणाले, "तो नसता तर याहून वाईट झालं असतं. आणि पाणी पितेस ना इथलं? प्यायलीस म्हणजे करार मान्य."

"मग नाही पीत," गोदाक्का म्हणाली.

वर खडकाआड एक झरा पाझरत होता. लहान म्हणून कोणी तिकडे फिरकत नसे. उरलेली पिल्लं पाठीवर घेऊन ती खेपा घालत राहिली. पाठ सोलवटली, पण एकही मागे राहिलं नाही. तिथे त्यांना पाय फुटले. शेपट्या गळल्या.

इकडे लोळून लोळून डोहाचा नुसता राडा झाला. एके दिवशी तहानलेली सगळी मंडळी झऱ्यावर आली. मागोमाग राखणदारही.

गोदाक्काने सगळ्यांना पाणी पाजलं. भोमाजीलासुद्धा. आपली माणसं अशीच असतात, काय करणार!

पोट भरल्यावर काटेसाहेब खाकरले. "अक्का, एवढं छान पाणी. इथे राखणदार नको का?"

"घेऊ की मत," गोदाक्का म्हणाली. "फक्त या खेपेला विचारते मी. ज्याला राखणदार हवा असेल, त्याने शेपूट वर करा."

चार शेपट्या वर झाल्या. सगळ्यात उंच भोमाजीची.

मग अण्णांनी काठाकडे पाहिलं. दगडादगडावर बेडूक बसले होते. सगळे सज्ञान. एकाचंही शेपूट वर नव्हतं.

"नामंजूर," अण्णा हळूच म्हणाले.

"मग आम्ही पाणी प्यायचं कसं?" ताई घाबरली.

"सकाळी तू, दुपारी अण्णा, अंधार पडल्यावर भोमाजी," गोदाक्का म्हणाली. "विसरलात वाटतं?"

तात्पर्य : राजा कसाही निवडला तरी चालतो, मुलांनो. सभेत प्रश्न कोण विचारतंय, तेवढं मात्र जपून निवडावं. आणि पाणी पाजल्याशिवाय मत घेऊ नये.